ऊन असलेल्या शहरात ड्रायर

मराठवाड्यात वाळवणाला जागेची अडचण येईल, उन्हाची येत नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडक होते. कुरडया-पापड्या दोन-तीन उन्हांत डब्यात जातात. अशा ठिकाणी कपडे वाळवायला वीज जाळणे अनेकांना आजही उधळपट्टी वाटते. तरीही छत्रपती संभाजीनगरातल्या उपकरणांच्या दुकानांत ड्रायर मांडलेला दिसतो, आणि धुणे-वाळवणे एकाच डब्यात करणाऱ्या यंत्रांची मागणी जोडप्यांकडून आणि लहान मुले असलेल्या घरांतून येते. यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि खोक्यासोबत माळ्यावर जाते. हे यंत्र आपल्याकडे लागते का, लागत असेल तर कोणते, त्याचा धोका नेमका कुठे आहे आणि कोणत्या बाबतीत जाणकारांमध्येही एकमत नाही, हे या लेखात क्रमाने पाहू.

प्रश्न कसा उभा राहिला

या शहराचे धुलाईयंत्राशी जुने नाते आहे. भारतीय मध्यमवर्गाच्या घरात धुलाईयंत्र पोचवणाऱ्या कंपन्यांपैकी व्हिडिओकॉन इथलीच. पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा पत्ता तिच्या कागदपत्रांवर असे. त्या पिढीतल्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्राला दोन डबे असत, आणि पिळणाऱ्या डब्याला घरोघरी ड्रायरच म्हटले गेले. तो कपडे पिळतो, वाळवत नाही. कपडे गरम हवेत घोळवून पूर्ण कोरडे करणारा टम्बल ड्रायर वेगळा. दुकानात बोलताना हा फरक आधी स्पष्ट करून घ्यावा, कारण या लेखातले सगळे धोके या टम्बल ड्रायरचे आहेत.

टम्बल ड्रायरची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या माणसाने शेगडीवर हाताने फिरवायचे भोकाभोकांचे पिंप बनवले होते. विजेवर आणि गॅसवर चालणारे घरगुती यंत्र अमेरिकेत जे. रॉस मूर यांच्या आराखड्यावरून हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणले. मूर नॉर्थ डकोटाचे. तिथल्या हिवाळ्यात दोरीवरचे कपडे गोठतात. कडक थंडीच्या प्रदेशात जन्मलेले हे यंत्र आपल्याकडे येते तेव्हा त्याच्यासोबत येणारे सल्लेही त्याच प्रदेशाचे असतात. ते तसेच्या तसे उचलले तर काही लागू पडतात, काही पडत नाहीत.

आपल्याकडे प्रश्न दोन बाजूंनी आला. पहिली बाजू जागेची. सिडकोने वसवलेल्या एन सेक्टरांत घर लहान असले तरी डोक्यावर स्वतःची गच्ची असे. बीड बायपास, सातारा-देवळाई, गारखेडा या भागांतल्या इमारतींत गच्ची सगळ्यांची झाली, म्हणजे व्यवहारात कोणाचीच राहिली नाही. कपडे गॅलरीतल्या कप्पीच्या दोरीवर किंवा घडीच्या स्टॅण्डवर आले. काही सोसायट्या दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालू देत नाहीत. दुसरी बाजू वेळेची. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या घरांत धुणे रात्री होते आणि गणवेश सकाळी हवा असतो. त्यात जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले. पाऊस कोकणाच्या मानाने थोडा असला तरी हवा दमट असते, आणि दोन दिवस स्टॅण्डवर राहिलेल्या कपड्यांना कुबट वास येतो.

यंत्रांचे प्रकार

बाजारात मुख्यतः चार प्रकार आहेत. पहिला, ओली गरम हवा पाइपने घराबाहेर सोडणारा. आयएफबीसारख्या कंपन्यांचे लहान ड्रायर या जातीचे असतात. दुसरा कंडेन्सर ड्रायर: तो हवेतली वाफ आतच थंड करतो, पाणी खालच्या किंवा वरच्या टाकीत जमते. तिसरा हीट पंपवर चालणारा. फ्रीजमध्ये असते तशी कॉम्प्रेसरची यंत्रणा यात असते, एका बाजूला उष्णता देऊन दुसऱ्या बाजूला ती परत गोळा करणारी. चौथा, धुणे-वाळवणे एकत्र असलेला. यात धुण्याची क्षमता आठ किलो असली तर वाळवण्याची पाच किलोच्या आसपास असते, आणि ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहज नजरेतून सुटते. आठ किलो धुऊन तसेच वाळवायला लावले की कपडे गरम, चुरगळलेले आणि मधे ओले निघतात.

विजेचे गणित पाण्यावरून सुरू होते. सात किलो सुती कपडे साधारण पिळून झाल्यावर त्यांत चार लिटरच्या आसपास पाणी उरते. तेवढे पाणी वाफ करायला भौतिकशास्त्राच्या नियमाने पावणेतीन युनिटांइतकी उष्णता लागतेच. यंत्रातली गळती धरली की हीटरवर चालणारा ड्रायर एका खेपेला चार ते पाच युनिट घेतो. हीट पंप तीच उष्णता पुन्हा वापरतो, म्हणून त्याचे काम दीड ते दोन युनिटांत होते. पावसाळ्याचे सोळा आठवडे, आठवड्याला चार खेपा धरल्या तर हीटरच्या यंत्राला अडीचशे ते तीनशे वीस युनिट लागतील, हीट पंपाला शंभर ते सव्वाशेच्या आसपास. महावितरणचा घरगुती दर महिन्याला शंभर युनिटांच्या पुढे गेले की जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे हा फरक युनिटांत दिसतो त्यापेक्षा बिलात जास्त टोचतो. हीट पंपाची किंमत मात्र बरीच जास्त आहे, आणि वर्षातले चारच महिने वापरणाऱ्या घरात ती वसूल व्हायला अनेक वर्षे लागतात.

युरोपने या वादावर आपला निर्णय दिला आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ पासून हीट पंपाचेच घरगुती ड्रायर विकता येतात, आणि युरोपीय संघाचे १ जुलै २०२५ पासून लागू झालेले नियम नव्या यंत्रांना तिकडेच नेतात. तिथे यंत्र वर्षभर चालते, म्हणून तो निर्णय त्यांना परवडतो. आपल्याकडे चार महिन्यांच्या वापरासाठी तोच निष्कर्ष काढता येईलच असे नाही.

उन्हाचा पक्ष आणि यंत्राचा पक्ष

उन्हाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे साधे आणि भक्कम आहे. ऊन फुकट आहे, कपडे जास्त टिकतात, आणि उन्हातली अतिनील किरणे व कोरडेपणा जंतूंना मारक ठरतात. ड्रायरच्या जाळीत जमणारे तंतू हे आपल्याच कपड्यांची झीज असते. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले की हवा बाहेर सोडणारा एक ड्रायर वर्षाला बारा कोटींपर्यंत सूक्ष्म तंतू हवेत सोडू शकतो. अमेरिकेत, जिथे आपली अनेक मराठी कुटुंबे ड्रायर असलेल्याच घरांत राहतात, तिथेही दोरीचा हक्क मागणारी चळवळ झाली. गृहसंकुलांनी दोरीवर घातलेली बंदी चालणार नाही असे कायदे मेन आणि व्हरमाँट या राज्यांनी २००९ मध्ये केले, मेरीलँडने २०१० मध्ये. आपल्या सोसायट्यांनी नियम करताना हा अनुभव लक्षात घ्यावा असे मला मनापासून वाटते. उन्हाच्या शहरात दोरीला बंदी घालून लोकांना विजेकडे ढकलणे योग्य नाही.

यंत्राच्या बाजूनेही खरे मुद्दे आहेत. बंद घरात कपडे वाळवले की त्यांतले सगळे पाणी घराच्या हवेत जाते, आणि एका धुण्याचे पाणी काही लिटर असते. ग्लासगोच्या मॅकिंटॉश स्कूलमधल्या अभ्यासगटाने २०१२ मध्ये घरांतल्या ओलाव्यात या सवयीचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. भिंतीवर बुरशी आली की दमेकऱ्यांना त्रास होतो. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असलेल्या घरात रोज चादरी बदलाव्या लागतात. तिथे पावसाळ्यात ड्रायर ही चैन राहत नाही. परागकणांची आणि धुळीची अॅलर्जी असलेल्यांना उघड्यावर वाळलेले कपडे सोसत नाहीत. आणि धुणे बहुतेक घरांत अजूनही बाईच्याच वाट्याला आहे. गच्चीचे तीन जिने ओल्या बादलीसह चढायचे कोणी, हे उन्हाच्या गुणगानात सहसा येत नाही.

मधला मार्ग सांगणारेही आहेत. त्यांचा पहिला सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो: आधी नीट पिळा. सेमी-ऑटोमॅटिकचा जुना पिळणारा डबा मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो आणि कपड्यांतले पाणी फार कमी विजेत काढतो. ड्रायरमध्ये टाकण्याआधी एकदा जादा पिळले तर वीजही वाचते आणि वेळही. दिवसभर पंख्याखाली अर्धवट वाळलेले कपडे शेवटी वीस मिनिटे ड्रायरमध्ये फिरवायचे, हा दुसरा सल्ला. हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर हा तिसरा. तो मंद आहे, पण आगीचा धोका त्यात कमी.

आग कशी लागते

ड्रायरविषयी सर्वाधिक बोलले जाते ते आगीबद्दल. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला तेव्हा घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्याचे, पाच जणांचा मृत्यू आणि शंभर जण जखमी होत असल्याचे आढळले. सर्वांत मोठे एकच कारण होते स्वच्छता न राखणे. त्याचा वाटा ३४ टक्के. कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, ज्यांना लिंट म्हणतात, जाळीत, पाइपात आणि हीटरच्या आजूबाजूला साचतात. हे तंतू कापसाच्या वातीइतके सहज पेट घेतात. जाळी चोंदली की हवा अडते, हवा अडली की हीटरपाशी तापमान चढते.

इथे एक भेद करायला हवा. अमेरिकी घरांत लांब पाइप भिंतींतून फिरत बाहेर जातो, आणि तिथल्या सल्ल्यांचा रोख त्या पाइपावर असतो. आपल्याकडे कंडेन्सर किंवा हीट पंप असेल तर पाइपच नसतो; लिंट साचते ती जाळीत, कंडेन्सरच्या पात्यांवर आणि यंत्राच्या पोटात. नातेवाइकांनी तिकडून सांगितलेले ऐकून पाइप नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

ब्रिटनमधली एक घटना मात्र यंत्रातल्याच दोषाची आहे. व्हर्लपूल समूहाने २०१५ च्या नोव्हेंबरात हॉटपॉइंट, इंडेसिट आदी नावांनी विकलेल्या लाखो ड्रायरमध्ये साचलेली लिंट हीटरवर पडून आग लागू शकते, असे जाहीर केले. सुरुवातीला मालकांना सांगितले गेले की दुरुस्ती होईपर्यंत यंत्र वापरा, पण लक्ष ठेवून. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या बहुमजली इमारतीत अशाच दुरुस्तीच्या प्रतीक्षेतल्या ड्रायरमुळे आग लागली. पुढे सल्ला बदलला, यंत्र बंद करून प्लग काढा असा झाला, आणि २०१९ मध्ये उरलेली यंत्रे परत घेण्याची वेळ आली. आपल्याला यातून दोन गोष्टी घेता येतात: यंत्र घेतल्यावर कंपनीकडे नोंदणी करून ठेवणे, म्हणजे इशारा आपल्यापर्यंत पोचेल, आणि परदेशातून कोणी वापरलेले यंत्र आणत असेल तर त्याचा मॉडेल क्रमांक आधी तपासणे.

माझ्या मते आपल्या घरांसाठी खरा न ओळखलेला धोका वेगळा आहे. तो तेलाचा. काही तेले हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना स्वतःच उष्णता सोडतात. तेलकट कापड गरम करून ढिगात दाबून ठेवले तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत वाढते, आणि काही तासांनी, यंत्र बंद झाल्यानंतरही, ढीग पेटू शकतो. कोणते तेल असे वागेल याचा अंदाज रसायनशास्त्रातल्या आयोडीन मूल्यावरून येतो. जवसाच्या तेलाचे हे मूल्य १७० च्या वर, म्हणून त्याची फडकी सर्वांत धोक्याची. मराठवाड्यात पूर्वापार वापरले जाणारे करडईचे तेल १४० च्या आसपास. सोयाबीन आणि सूर्यफूल त्याच्या जवळ. तीळ मधला, शेंगदाणा त्याखाली. खोबरेलाचे मूल्य जेमतेम दहा, म्हणजे डोक्याला लावलेल्या तेलाने उशीचा अभ्रा आपोआप पेटण्याची शक्यता फार कमी. तरी तेही जळणारे तेलच आहे.

म्हणून स्वयंपाकघरातली तळणाची फडकी, मालिशवालीचे टॉवेल, दिवाळीत अभ्यंगानंतरचे पंचे यांना ड्रायर वर्ज्य धरावा. थंड पाण्यातल्या धुण्याने हे तेल पूर्ण निघत नाही. गरम पाण्यात, नेहमीपेक्षा जास्त पावडरीने धुवावे आणि दोरीवर एकपदरी पसरावे. पसरलेल्या कापडात उष्णता साठत नाही. कारखान्यातून येणाऱ्या गणवेशांबद्दल हे आणखी ठामपणे सांगायला हवे. यंत्रावर काम करणाऱ्याच्या पँटवर ऑइल असते, रंगकाम करणाऱ्याच्या शर्टावर थिनर, गॅरेजमधून येणाऱ्याच्या बाह्यांवर पेट्रोल. घरगुती ड्रायरच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकातही तेल, पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन, मेण लागलेल्या कपड्यांबद्दल स्पष्ट इशारे आहेत. पाळीवरच्या घरांना ड्रायरची निकड सर्वांत जास्त आणि त्यांचेच कपडे सर्वांत धोकादायक, अशी ही अडचण आहे.

फोम, रबर आणि प्लॅस्टिकलाही तेच लागू. पावसाळ्यात भिजलेला रेनकोट, रबरी तळाचे पायपुसणे, फोमची उशी, बूट यंत्रात घालण्याचा मोह होतो, घालू नये. खिसे तपासावेत, कारण लायटर आणि काडेपेटी खिशात राहतात. साडी घालायची असेल तर जाळीच्या पिशवीत, कारण साडेपाच मीटरचे कापड ड्रममध्ये दोरासारखे वळते, बाकीचे कपडे आत गुंडाळते आणि ते ओले राहतात. पैठणी, हिमरू, जरीचे काहीही सावलीत वाळावे, त्याला दुसरा उपाय नाही.

लाइट गेली तर

बहुतेक ड्रायर शेवटची काही मिनिटे हीटर बंद ठेवून कपडे थंड हवेत फिरवतात. हा टप्पा कपडे अति तापलेले राहू नयेत यासाठी आहे. परदेशी पुस्तिका सांगतात की मधेच यंत्र थांबवू नका. थांबवले तर कपडे लगेच काढून पसरा. आपल्याकडे यंत्र आपण थांबवत नाही, लाइट जाते. पावसाळ्यात वादळ-वाऱ्याने फीडर बंद पडतो आणि ड्रममध्ये पाच किलो तापलेले कपडे अडकून राहतात. अशा वेळी दार उघडावे, कपडे बाहेर काढून झटकावेत, पलंगावर मोकळे टाकावेत. घरात कोणी नसेल तर हे होणार नाही, म्हणून पाऊस-वाऱ्याच्या दिवशी यंत्र लावून बाहेर पडू नये. साध्या इन्व्हर्टरवर ड्रायर चालत नाही, तो प्रयत्न करू नये.

वीज आणि वायरिंग

अडीच हजार वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर अकरा अँपिअरच्या जवळ प्रवाह घेतो, तोही तास-दीड तास सलग. सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावणे म्हणजे बोर्डाला आगीचे निमंत्रण. सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट, तांब्याची जाड वायर, त्यासाठी स्वतंत्र एमसीबी आणि गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरला तोडणारी आरसीसीबी, एवढे किमान हवे. अर्थिंग आहे की फक्त तिसरे भोक आहे, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. गुलमंडी, औरंगपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत आणि घरांत वायरिंग जुने असेल तर आधी ते बदलावे, नंतर यंत्र आणावे. प्लग गरम लागणे, करपल्याचा वास, एमसीबी वारंवार पडणे ही तिन्ही लक्षणे यंत्र लगेच बंद करण्याची आहेत. एमसीबी पडते म्हणून मोठ्या क्षमतेची बसवणारा वायरमन मिळाला तर त्याला थांबवा.

न्हाणीघरात जिथे पाणी उडते तिथे यंत्र नको. गॅलरीत ठेवायचे तर पावसाची झड येणार नाही अशी जागा हवी. उंदीर हा आपल्याकडचा मोठा शत्रू: धुलाईयंत्राच्या वायरी आणि नळ्या तो कुरतडतो, हे दुरुस्ती करणारा कोणीही सांगेल. ड्रायरमध्ये कुरतडलेल्या वायरीशेजारी लिंट असते. खालून जाळी बसवून घ्यावी आणि महिनाभर बंद राहिलेले यंत्र सुरू करण्याआधी मागून पाहून घ्यावे.

हवा आणि पाणी

हवा बाहेर सोडणारा ड्रायर तासाला शंभराहून अधिक घनमीटर हवा खोलीतून खेचतो. बंद खोलीत तेवढी हवा कुठून तरी यावी लागते. जवळच गॅस गिझर असेल तर त्याचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. गिझर आणि असा ड्रायर एकाच बंद जागेत चालवू नयेत, खिडकी उघडी असावी, आणि ड्रायरचा पाइप इमारतीच्या बंद डक्टमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या चिमणीच्या पाइपाला जोडू नये.

पाण्याचा मुद्दा या शहरासाठी खास. नाथसागर जलाशय पन्नासेक किलोमीटरवर असूनही नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. १,६८० कोटींची म्हणून सुरू झालेली नवी योजना वाढत्या खर्चासह लांबत गेली. अशा ठिकाणी हे माहीत असायला हवे की धुणे-वाळवणे एकत्र असलेल्या काही यंत्रांत वाफ थंड करायला नळाचे पाणी वापरतात, आणि वाळवण्याच्या एका खेपेत बादल्यांनी मोजावे इतके पाणी थेट गटारात जाते. हवेने थंड करणारी मॉडेलही मिळतात. दुकानदाराला हा प्रश्न विचाराच. टँकर विकत घेणाऱ्या घराने पाण्यावर कपडे वाळवावेत, हे मला पटत नाही.

कंडेन्सरच्या टाकीत जमलेले पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला चालते. ते डिस्टिल्ड पाणी समजून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नये. त्यात तंतू आणि साबणाचा अंश असतो. ते पिण्याचे तर नाहीच.

देखभाल

रोजची देखभाल थोडी आहे, पण चुकवता येत नाही. प्रत्येक खेपेनंतर जाळी साफ करायची. कपडे मऊ करणारे द्रव वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा थर बसतो. पाणी टाकून पाहावे, ते जाळीवर थांबले तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. जाळीशिवाय यंत्र एकदाही चालवू नये. महिन्यातून एकदा कंडेन्सर काढून धुवावा. हीट पंपाच्या पात्यांवर मऊ ब्रश फिरवावा, पाती वाकली की हवा अडते. हवेचा पाइप असेल तर तो धातूचा, आखूड आणि कमी वळणांचा हवा, आणि बाहेरच्या तोंडाशी कबुतराने घरटे केले नाही ना हे पावसाळ्याआधी पाहावे.

आपल्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त. ड्रममध्ये ओलावा मोजणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर त्याचा पातळ थर बसतो आणि यंत्र चुकीच्या वेळी थांबते किंवा थांबतच नाही. त्या पट्ट्या ओल्या मऊ कापडाने अधूनमधून पुसाव्यात. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, तंत्रज्ञाकडून मागचा पत्रा उघडून पोटातली लिंट काढून घ्यावी. हे घरी करू नये, कारण हीट पंपाच्या अनेक यंत्रांत आता प्रोपेन हा ज्वालाग्राही वायू भरलेला असतो.

मुले लपायला ड्रममध्ये शिरतात, मांजरे उबेसाठी. दार नेहमी बंद ठेवावे आणि सुरू करण्यापूर्वी आत नजर टाकावी.

जे अजून सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न वेळेचा. लंडनचे अग्निशमन दल झोपेत किंवा घराबाहेर असताना ड्रायर चालवू नका असे सांगते. यंत्रांच्या जाहिराती मात्र टायमर लावून निर्धास्त व्हा असे सुचवतात. आपल्याकडे वेळेनुसार दर लावणाऱ्या नव्या टीओडी मीटरवर घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलतीचा दर मिळतो, गच्चीवर सौर पॅनेल असतील तर दिवसाच वापरणे फायद्याचे. पण त्या वेळेत नोकरीवाले जोडपे घरात नसते. स्वस्त वीज आणि जागे डोळे एकाच वेळी मिळत नाहीत, आणि यावर कोणाकडे समाधानकारक उत्तर नाही. मी अग्निशमन दलाचे ऐकेन.

दुसरा प्रश्न सामायिक सोयीचा. प्रत्येक फ्लॅटमध्ये एक ड्रायर, की इमारतीत तळमजल्यावर सगळ्यांसाठी एक चांगला, नीट वायरिंग केलेला आणि कोणीतरी जबाबदारीने साफ ठेवलेला? गच्चीवर पत्र्याचे छप्पर टाकून पावसाळ्यापुरती वाळवणाची जागा करणे हा त्याहून स्वस्त पर्याय आहे, पण बांधकाम परवानगी आणि गळती यावर सोसायट्यांच्या सभा अडतात. तिसरा प्रश्न सूक्ष्म तंतूंचा. हीट पंप ते हवेत कमी सोडतो, पण त्याची जाळी आणि पाती धुतलेले पाणी तेच तंतू गटारात नेते.

सगळे पाहता माझे मत असे झाले आहे: स्वतःची गच्ची असलेल्या घराला या शहरात ड्रायर लागत नाही. गच्ची नसलेल्या, आजारी माणूस किंवा तान्हे मूल असलेल्या घराला तो पावसाळ्यात खरोखर उपयोगी आहे, आणि तिथे परवडत असेल तर हीट पंपाचा, नसेल तर कंडेन्सर घ्यावा. पाण्यावर थंड होणारा नको. कारखान्याचे गणवेश असलेल्या घराने ते वेगळे धुऊन दोरीवरच वाळवायची शिस्त आधी लावावी, यंत्राचे नंतर बघावे. आणि घ्यायचे ठरलेच असेल तर दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलावून पॉइंट, वायर आणि अर्थिंग तपासून घ्या; तो नाही म्हणाला तर आधी त्याचे काम करून घ्या.